कुलपास पंचांग कळत नाही

अहमदनगरच्या (हल्लीच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून बंदिवान असलेल्या नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या अवधीत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि पुढल्याच वर्षी सरकारने लेखकास मुक्त केले. ग्रंथाची कैद मात्र, प्रताधिकाराच्या निधनोत्तर साठ वर्षांच्या कायदेशीर हिशेबाने, ३१ डिसेंबर २०२४ रोजी सरली. आता तो सर्वांचा. पण विकतच्या डिजिटल प्रतीवर एकदा कुलूप घातलेले असले, की त्यास पंचांग कळत नाही, ते परवाना मागतच राहते. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यास प्रताधिकार कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद फर्मावली आहे. मुदत संपूनही न उघडणाऱ्या कुलपास, आमच्या अल्प समजुतीप्रमाणे, साधी ताकीदही नाही. गोऱ्या किल्लेदाराने निदान लिहू तरी दिले होते.