मेनफ्रेमचं हरवलेलं मॅन्युअल : शोधविधी व फलश्रुती

हर्क्युलिस एम्युलेटरच्या कृपेने आयबीएम मेनफ्रेमवरची जुनी एमव्हीएस प्रणाली आता घरच्या लॅपटॉपवरही चालते. तिची मॅन्युअलं मात्र रद्दीत गेलेली असतात. ती मिळवू इच्छिणाऱ्या भाविकांसाठी हा विधी.

साहित्य : मॅन्युअलचा क्रमांक, चिकाटी, एक निवृत्त इंजिनीअर, चहा.

१. संकल्प : नावाने शोधू नये, क्रमांकाने शोधावं. उदाहरणार्थ, आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन'चा क्रमांक ए२२-६८२१. पुढे त्याच्या सुरुवातीला 'जी' लागून जीए२२-६८२१ झाला. दोन्ही जपावेत. मुखपृष्ठावर यापुढे आणखी एक छोटी रेघ असते, तिच्यानंतरचा आकडा आवृत्तीचा. तो चुकला तर पुण्य दुसऱ्याच आवृत्तीच्या खाती जमा होतं.

२. तीर्थाटन : आधी बिटसेव्हर्स. अल कोसॉव यांनी उभारलेल्या या संग्रहात हजारो मॅन्युअलं स्कॅन करून ठेवलेली आहेत, तीही फुकट. तिथे न मिळाल्यास मिनेसोटा विद्यापीठातली चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट. ही कागदपत्रांच्या पेट्यांची जागा. तिथे लिहायचं पत्र नम्र असावं.

३. पडताळणी : आयबीएम अधूनमधून सुधारित पानं पाठवी आणि ग्राहकाने जुनी काढून ती फाइलीत लावावीत, अशी अपेक्षा ठेवी. म्हणून एकाच क्रमांकाच्या दोन प्रती सारख्या असतीलच असं नाही. हवं ते पान नेमकं दुसऱ्या प्रतीत असतं.

४. मुहूर्त : १९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्या काळचा एखादा इंजिनीअर गाठावा. "काका, मॅन्युअल आहे का?" असं दारातच विचारू नये. पंचकार्डांचा विषय काढावा, दुसरा चहा नाकारू नये. केव्हातरी आतून काकूंचा आवाज येतो, "माळ्यावरची ती खोकी न्यायला आलेत का?" हाच मुहूर्त. लगेच शिडी मागावी.

निषेध : मिळालेलं मॅन्युअल कपाटात कुलूपबंद करू नये. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळं स्कॅन करावं. शेवटी वाचकांच्या अभिप्रायाचा फॉर्म सापडेल. तो भरून पाठवण्याचा मोह आवरावा.

फलश्रुती : हा विधी करणाऱ्याचा प्रोग्राम 'एस०सी७' हा एरर-कोड देऊन पडायचा थांबत नाही. आकड्याच्या जागी आकडा नव्हता म्हणून तो पडला, एवढं मात्र छापील कळतं.

तुमच्या माळ्यावर अशी खोकी असतील, तर आधी मुखपृष्ठावरचे क्रमांक टिपून घ्या आणि संग्रहाला कळवा. रद्दीवाल्याला त्यानंतरच हाक मारा.