अकरा सुपाऱ्या

[टेक्सासातील एक लहानसे गाव. शुक्रवारी सायंकाळी शाळेच्या मैदानावर दिवे लागले म्हणजे उरलेले गाव ओस पडते, इतका तेथे अमेरिकन फुटबॉलचा महिमा. ऑगस्टातील एका रात्री, जेवणाच्या टेबलावर, शाळेच्या संघाचा नवनियुक्त प्रशिक्षक आणि महसूल खात्यातून निवृत्त होऊन नातवाकडे तीन महिन्यांच्या मुक्कामास आलेले शिरस्तेदार समोरासमोर बसले आहेत.]

शिरस्तेदार : बाळ, अकरा वाजून गेले. वर्तुळे आणि फुल्या काढीत तू एवढ्या रात्री कुणाची कुंडली मांडतो आहेस?

प्रशिक्षक : कुंडली नव्हे, आजोबा, आक्रमणाच्या रचना आहेत या; चेंडू सुटण्यापूर्वी आपल्या मुलांनी कुठे उभे राहायचे, त्याचे आराखडे. त्रेचाळीस तयार झाल्या, पण नावे संपली. आधी पक्षी घेतले : गरुड, ससाणा, घुबड. मग मोटारी घेतल्या, मग राज्यांच्या राजधान्या. आता शेवटच्या चार रचना बिननावाच्या राहिल्या आहेत.

शिरस्तेदार : पक्ष्यांत आणि राजधान्यांत फरक कोणता?

प्रशिक्षक : पक्षी शनिवारी सुचले, राजधान्या रविवारी.

शिरस्तेदार : म्हणजे हे वर्गीकरण नव्हे, ही आवक बारनिशी झाली, जसा कागद आला तसा चढवला. अरे, ज्या जिल्ह्यात जमिनीच्या तंट्यांना पावसाइतकाच नेम होता, त्या जिल्ह्याचे सारे दफ्तर आम्ही सहा गठ्ठ्यांत बांधीत होतो, आणि तुला अकरा पोरांकरिता त्रेचाळीस नावे लागतात! (कमरेचा बटवा सोडून) सत्यनारायणाच्या चौरंगावर भटजी सुपाऱ्या मांडतात ते तू लहानपणी पाहिले आहेस. एकाच दुकानातून एकाच भावाने आणलेल्या त्या सुपाऱ्या; पण ही इथे ठेवली म्हणून गणपती, ती तिथे ठेवली म्हणून शनी, आणि पूजा आटोपली की दोन्ही पुन्हा सुपाऱ्याच. सुपारीला नाव येते ते जागेवरून. या घे अकरा. मांड.

प्रशिक्षक : (मांडीत) हे मधले पाच : सेंटर, त्याच्या दोहो बाजूंस गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. यांच्या सदऱ्यांवर पन्नास ते एकोणऐंशी यांमधला अंक हवा, आणि पुढे फेकलेला चेंडू यांनी झेलायचा नाही.

शिरस्तेदार : रचना बदलली म्हणजे हे कुठे जातात?

प्रशिक्षक : कुठेच नाही. जवळजवळ प्रत्येक रचनेत हे पाच जण इथेच.

शिरस्तेदार : वतनदार. पुढे?

प्रशिक्षक : हा क्वार्टरबॅक. सेंटरकडून चेंडू घेतो आणि कुणाला द्यायचा ते ठरवतो.

शिरस्तेदार : मामलेदार. हाही आपल्या गादीवरच बसणार.

प्रशिक्षक : बहुतेक. कधी सेंटरच्या पाठीशी लागून, कधी पाचसात यार्ड मागे. ती मागे राहण्याची रीत सॅन फ्रान्सिस्को संघाच्या रेड हिकी यांनी १९६० साली गाजवली. तिला शॉटगन म्हणतात. पुढे २००५ साली नेवाडा विद्यापीठाच्या ख्रिस ऑल्ट यांनी ते अंतर चार यार्डांवर आणले, तिचे नाव पिस्तूल.

शिरस्तेदार : हे नाव मला एकदम मान्य! अंतर आखूड म्हणून हत्यारही आखूड. दुसरे नाव ऐकले की पहिल्याची आठवण होते. मूळ नस्ती आणि तिची पोटनस्ती यांचे नाते असेच कळायला हवे. तर पाच वतनदार गेले, एक मामलेदार गेला. अकरांतून उरले पाच.

प्रशिक्षक : पाच.

शिरस्तेदार : म्हणजे तुझे पक्षी, मोटारी आणि राजधान्या ही केवळ या पाच फिरतीच्या इसमांची बदलीपत्रे आहेत.

प्रशिक्षक : (किंचित दुखावून) इतके सोपे नाही ते, आजोबा. मागे चारांहून अधिक जण उभे राहू शकत नाहीत, म्हणून ओळीत सात लागतात. चुकले की पाच यार्ड दंड. शिवाय रचनांना नावे देण्याची थोर परंपरा आहे. शिकागोच्या संघाने १९४० च्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला त्र्याहत्तर विरुद्ध शून्य असे हरवले ते इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या रचनेने.

शिरस्तेदार : शून्य? प्रतिवादी हजर होता ना? की निकाल एकतर्फी?

प्रशिक्षक : हजर होता. आणि १९६८ साली आपल्या याच टेक्सास विद्यापीठात एमरी बेलार्ड या साहाय्यक प्रशिक्षकाने क्वार्टरबॅकच्या मागे एक आणि त्याच्याही मागे दोहो अंगांना दोन असे धावपटू उभे केले, तेव्हा ह्यूस्टनच्या एका वार्ताहराला त्यात कोंबडीच्या छातीचे दुबेळके हाड दिसले. इथे ते हाड दोघांनी दोन टोकांनी ओढायचे आणि मोठा तुकडा ज्याच्या हाती येईल त्याची इच्छा फळते, अशी समजूत आहे. म्हणून विशबोन. केवढे चित्रमय नाव!

शिरस्तेदार : वार्ताहर सामन्याला कुठे बसतात?

प्रशिक्षक : वर. प्रेक्षकांच्याही वरच्या कक्षात.

शिरस्तेदार : आणि तुझी पोरे?

प्रशिक्षक : खाली. मैदानात.

शिरस्तेदार : तिथेच मेख आहे. व्यासांनीही क्रौंच, मकर, शकट अशी व्यूहांची नावे सांगितली. परंतु ती सांगितली संजयाने, ज्याला दिव्य दृष्टी होती, आणि ऐकली धृतराष्ट्राने, जो राजवाड्यात बसून होता. ज्या पायदळी शिपायास क्रौंचाच्या शेपटीत उभे केले होते त्या बापड्यास क्रौंच दिसला असेल हे मला संभवनीय वाटत नाही. त्याला पुढच्याची पाठ दिसली असेल आणि शेजाऱ्याचा भाला बोचला असेल. तुझा गरुड हा असाच वरून पाहणाऱ्याचा आहे.

प्रशिक्षक : (बराच वेळ गप्प राहून) माझा उजवा टॅकल आहे, सव्वाशे किलोचा, मनाने फार गोड पोर. काल सरावात मी ‘घुबड’ म्हणून ओरडलो, तर त्याने हात वर केला आणि विचारले, “कोच, घुबड उजवे की डावे?”

शिरस्तेदार : तू काय उत्तर दिलेस?

प्रशिक्षक : म्हटले, घुबडाशी तुझा काही संबंध नाही, तू जिथे आहेस तिथेच राहा. तोवर दोन पोरे एकमेकांवर आदळली होती.

शिरस्तेदार : पण त्याचा प्रश्न कायद्याने रास्त होता. उजवे म्हणजे कुणाचे उजवे? नदीचा उजवा तीर पाहणाऱ्याच्या हातावरून ठरत नाही, पाणी ज्या दिशेने वाहते त्यावरून ठरतो. नाही तर दोन काठांवरचे दोन तलाठी एकाच गाळपेरावर हक्क सांगतील.

प्रशिक्षक : आमचेही तसेच. आक्रमण ज्या दिशेने जाते त्या तोंडाने उभे राहून उजवे-डावे. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे राखून उजवीला ‘रिप’ आणि डावीला ‘लिझ’ म्हणण्याची पुष्कळ संघांत चाल आहे.

शिरस्तेदार : लिझ हे मुलीचे नाव ना?

प्रशिक्षक : हो. आणि आमच्या क्वार्टरबॅकच्या मैत्रिणीचेही. म्हणून आमच्याकडे डावी बाजू ‘लायन’.

शिरस्तेदार : पण हे सारे इतके आडपडद्याने कशासाठी? सरळ सांगावे, अमक्या, तू तिकडे जा.

प्रशिक्षक : समोरचे ऐकतात ना! १८९० च्या दशकात वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट संस्थेतल्या बधिर विद्यार्थ्यांनी, आपल्या हातखुणा समोरच्यांनी वाचू नयेत म्हणून, घोळका करून आत खुणा करायला सुरुवात केली. आजचा ‘हडल’ तिथून आला असे मानतात. उघड बोलायची सोय नाही, म्हणून शब्द हवेत. आणि शब्द थोडक्यात हवेत. कालचा माझा आदेश ऐका : “ट्रिप्स राइट, झेड क्लोज, वाय ऑफ, एच वाइड, एफ स्ट्राँग.”

शिरस्तेदार : हे तर खरेदीखत! मौजे अमुक, पेटा तमुक, पूर्वेस ओढा, पश्चिमेस महादेवाचे देवस्थान, दक्षिणेस लिहून देणाराच्याच चुलत्याचे शेत. चतुःसीमेवाचून मिळकत सिद्ध होत नाही हे खरे. पण खत वाचायला वेळ किती मिळतो?

प्रशिक्षक : व्यावसायिक सामन्यांत एका खेळीपासून पुढच्या खेळीपर्यंत चाळीस सेकंद. त्यातच सांगायचे, समजायचे, जागेवर जायचे, आणि जागा बदलली तर सगळ्या अकरांनी निदान एक सेकंद निश्चल राहायचे. उशीर झाला की पाच यार्ड मागे.

शिरस्तेदार : विलंबाबद्दल मागे सरायचे! हा नियम आमच्याकडे असता तर एव्हाना आमची कचेरी सरकत सरकत अरबी समुद्रात गेली असती. (सुपारी हाती घेऊन, स्वर उतरवून) तुला एक सांगतो, ते आजीला सांगू नकोस. मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या दफ्तराची सर्वांनी भाषणांतून तारीफ केली. पुढच्या सोमवारी शिपाई दारात : “साहेब, ती पाझर तलावाची नस्ती कुठे आहे?” मी सांगितले, ‘पाणी’खाली नाही, ‘नाराजी’खाली, कारण त्या प्रकरणात एक कलेक्टर नाराज झाले होते. मग तो दर सोमवारी येऊ लागला. दोन वर्षे आला. मला त्याचा अभिमान वाटत असे! माझ्यावाचून कागद सापडत नाही याचाच मला अभिमान वाटत होता.

प्रशिक्षक : माझ्या आधीच्या प्रशिक्षकांच्या वहीत एका रचनेचे नाव ‘मेहुणा’ आहे. का, ते कुणालाच माहीत नाही.

शिरस्तेदार : मेहुणा म्हणजे तो एका टोकाला उगाच उभा असेल. असो. आता पाचांची मोजदाद कर : एका बाजूस किती, दुसऱ्या बाजूस किती, मागे किती. या हिशेबाने तुझ्या त्रेचाळीस रचना कितीवर येतात?

प्रशिक्षक : (सुपाऱ्या सरकवीत, पुटपुटत) दोन-दोन-एक. तीन-एक-एक, हे ट्रिप्स. तीन-दोन, मागे कोणी नाही, हे एम्प्टी. दोन-एक आणि मागे दोन. एक-एक आणि मागे तीन... पाच. आजोबा, पाचच! बाकी साऱ्या याच, एखादा पोरगा दोन पावले आत-बाहेर केलेला.

शिरस्तेदार : ती दोन पावले म्हणजे समासातला शेरा. मूळ नाव सर्वांचे. शेरा ज्याच्या नावे असेल त्यानेच वाचावा, इतरांनी पान उलटावे. पाच गठ्ठे झाले.

प्रशिक्षक : आणि सहावा?

शिरस्तेदार : सहावा नेहमी नष्ट करायच्या कागदांचा. त्यात घुबड घाल.

प्रशिक्षक : घुबड माझे फार आवडते होते.

शिरस्तेदार : नष्ट करायचे कागद नेहमीच कुणाचे तरी आवडते असतात. आणि हा इथे ‘अकरा’ का लिहिला आहेस? अकरा जण आहेत हे पोरांना ठाऊक नाही?

प्रशिक्षक : ते माणसांच्या ताफ्याचे नाव. पहिला अंक मागच्या धावपटूंचा, दुसरा टाइट एंडचा, म्हणजे टॅकलला लागून ओळीच्या टोकाशी उभ्या राहणाऱ्याचा. अकरा म्हणजे एक धावपटू, एक टाइट एंड. उरलेले तीन रुंद पांगलेले. बारा म्हणजे एक आणि दोन.

शिरस्तेदार : अकरांच्या खेळात अकराला एक-एक म्हणायचे, आणि बारा म्हटले तरी बारा उतरवायचे नाहीत! हे नाव कुणा अर्थखात्यातल्या माणसाने दिले असावे. (अडकित्ता काढतात. कट्.)

प्रशिक्षक : आजोबा! तो टाइट एंड होता!

शिरस्तेदार : हा उजवीकडचा? मला वाटले, सुपारी. (चघळीत) जरा तुरट आहे. दहांवर खेळता येते की नाही?

प्रशिक्षक : येते. मागे चारांहून अधिक नसले आणि मधले पाच जागेवर असले की दहा उतरले तरी चालते.

शिरस्तेदार : मग दुसऱ्या अंकाच्या जागी शून्य मांड. आणि त्या सव्वाशे किलोच्या पोराला उद्या सकाळी बोलाव; मला त्याला नदीचा उजवा तीर समजावून सांगायचा आहे.