तारायानाची सर्वसाधारण सभा

(चेन्नई, अड्यार. मे महिना, 'कत्तिरी'च्या उन्हाचे दिवस. संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर तिघे बसलेले. लेखक : पुण्याहून आलेला, आयटीतला. इंजिनिअर : निवृत्त. सेक्रेटरी : याच इमारतीच्या असोसिएशनचे, घराणं तंजावरी मराठी.)

लेखक : काका, यानाचं डिझाइन झालं! लांबी पाच किलोमीटर. पुढे गरुडाची चोच, वर सोन्याचा घुमट, मागे निळ्या ज्वाला. नाव 'दिग्विजय'. सात खंडांची मालिका आहे.

इंजिनिअर : चोच कशाला?

लेखक : हवा कापायला.

इंजिनिअर : अवकाशात?

लेखक : ...मुखपृष्ठावर छान दिसते.

इंजिनिअर : बरं. माणसं आत चालतात की तरंगतात?

लेखक : चालतात. गुरुत्वाकर्षणाचं बटण आहे.

इंजिनिअर : बटण काढ आणि यान फिरव. फिरत्या चाकात कडेला पाय टेकले की वजन आपोआप मिळतं.

लेखक : मग एक सुबक चाक बसवतो. चाळीस मीटर व्यासाचं.

इंजिनिअर : पृथ्वीइतकं वजन हवं तर ते मिनिटाला जवळजवळ पावणेसात वेळा फिरवावं लागेल. निम्मे प्रवासी भोवळ येऊन पडतील.

सेक्रेटरी : आणि कॉफी? मी आपली उंचावरून ओततो.

इंजिनिअर : मीटरभर उंचीवरून टंबलरातून डबऱ्यात ओतलीत, तर धार वीतभर बाजूला पडेल.

सेक्रेटरी : म्हणजे शेजाऱ्याच्या वेष्टीवर. नामंजूर.

इंजिनिअर : व्यास साडेचारशे मीटर केला तर मिनिटाला दोन फेरे पुरतात. धार सहा सेंटीमीटरच सरकेल.

सेक्रेटरी : तेवढा डबरा सरकवता येतो. मंजूर.

लेखक : चला, चाक मोठं. पण एक सुख आहे, एसी लागणार नाही. बाहेर कडाक्याची थंडी!

इंजिनिअर : थर्मासमध्ये बसलायस तू. उष्णता वाहून न्यायला बाहेर ना हवा, ना पाणी. माणसांची, यंत्रांची, इंजिनाची सगळी ऊब नुसत्या प्रारणानं बाहेर टाकायची. त्यासाठी मोठाले रेडिएटर लागतात. अवकाश स्थानकालाही आहेत.

लेखक : सिनेमातल्या यानांना कुठे असतात?

इंजिनिअर : '2001: अ स्पेस ओडिसी'मधल्या 'डिस्कव्हरी' यानाला कथेचे लेखक क्लार्क यांना हवे होते. पण ते पंखांसारखे दिसायचे. प्रेक्षक विचारतील, अवकाशात पंख कशाला? म्हणून काढून टाकले.

लेखक : बघा! म्हणजे चोच चालेल.

इंजिनिअर : त्यांनी कामाचे पंख कापले, तू बिनकामाची चोच लावतोयस.

लेखक : 'स्टार ट्रेक'वाल्यांनी तरी कुठे एवढा विचार केला असेल?

इंजिनिअर : केला होता. ते यान काढणारा मॅट जेफ्रीज विमानांतला माणूस. एवढी ताकदवान इंजिनं धोक्याचीच असणार, म्हणून ती माणसांपासून लांब, खांबांवर बसवली. दुरुस्ती आतून व्हावी म्हणून बाहेरचा पत्रा गुळगुळीत ठेवला. आणि दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसंच किरणांतून खाली पाठवायची युक्ती निघाली.

सेक्रेटरी : बजेट नाही म्हणून माणसं किरणांतून खाली? आमच्याकडे बजेट नाही म्हणून माणसं जिन्यानं खाली.

लेखक : सेक्रेटरीसाहेब, ही कादंबरी आहे, इमारत नाही.

सेक्रेटरी : राहणार किती जण?

लेखक : दहा हजार.

सेक्रेटरी : मग इमारतच. पाण्याचं काय ठरलंय?

लेखक : टाक्या भरून न्यायच्या.

सेक्रेटरी : जून 2019 मध्ये होतात का इथे? पूंडी, चोळावरम, रेड हिल्स, चेंबरमबाक्कम, चारी तलाव आटले होते. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणलं, खेपेला पंचवीस लाख लिटर. तुमच्या यानाला कुठली रेल्वे येणार?

इंजिनिअर : पाणी फिरवून वापरायचं. अवकाश स्थानकावर 2023 साली 98 टक्के परत मिळवून दाखवलंय. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं.

सेक्रेटरी : हे सभेत बोलू नका. आणि उरलेले दोन टक्के?

इंजिनिअर : गेले. अशा चौतीस फेऱ्या झाल्या की निम्मं पाणी संपतं.

लेखक : थांबा! निम्मं पाणी संपलंय, आणि टाकीची किल्ली एकाच माणसाकडे आहे...

इंजिनिअर : बघ. चोचीतून एक तरी प्रसंग सुचला होता का?

लेखक : (लिहीत) चोच कापली. इंजिन मोडलं तर?

इंजिनिअर : सुटे भाग यानातच छापायचे. इथे आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेल्या अग्निकुल कंपनीनं 30 मे 2024 ला श्रीहरिकोट्याहून रॉकेट सोडलं. त्याचं इंजिन थ्रीडी प्रिंटरवर एकसंध छापलेलं.

सेक्रेटरी : एकसंध, म्हणजे मध्ये गळायला सांधाच नाही. आमच्या प्लंबरला दाखवा. पण एवढं करून हे लोक निघालेत कशाला?

लेखक : दिग्विजयाला!

सेक्रेटरी : हे कारण नव्हे. 1963 साली 'कलै अरसि' नावाचा तमिळ सिनेमा आला होता. एमजीआर, भानुमती. परग्रहावरची माणसं पृथ्वीवर येतात ती इथली गायिका पळवायला. का, तर त्यांच्याकडे संगीत शिकवायला कोणी नाही! यान कशावर चालतं हे मद्रासमध्ये कोण विचारणार? कारण पटलं ना.

लेखक : मग आमचे लोक शोधाला निघालेत. जवळच्या ताऱ्याकडे, प्रॉक्सिमाकडे. दुसऱ्या प्रकरणात पोचतात.

इंजिनिअर : सव्वाचार प्रकाशवर्षं आहे ते. व्हॉयेजर-1 सेकंदाला सतरा किलोमीटर जातं. त्याला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील.

लेखक : मग... साडेतीनशे वर्षं?

इंजिनिअर : म्हणजे व्हॉयेजरच्या दोनशेपट वेग. कादंबरीत चालेल. पण निघालेला एकही माणूस पोचणार नाही. पोचतील त्यांच्या दहा-बारा पिढ्यांनंतरचे.

लेखक : आणि त्यांना आपण कुठून, कशासाठी निघालो हे आठवणारही नाही! असले लोक मी बघू कुठे?

सेक्रेटरी : समोर बसलोय की. आमचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला आले. साडेतीनशे वर्षं होत आली. मी घरी मराठी बोलतो, हिशेब तमिळमध्ये करतो, आणि पुण्याचे पाहुणे माझं मराठी ऐकून हसतात.

लेखक : (ओशाळून) मी नाही हसलो.

सेक्रेटरी : पहिल्या दिवशी हसलात. असो. तुमच्या यानातही हेच होणार. ज्यांच्यासाठी निघाले ते मागे राहणार, आणि हे त्यांच्यासारखेही राहणार नाहीत. पण मुलाच्या मुंजीत पंगत कशी वाढायची, यावर मात्र दहाव्या पिढीतही भांडतील.

लेखक : आणि इतिहास? तो हार्ड डिस्कवर ठेवू?

सेक्रेटरी : सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास 1803 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. अजून वाचता येतो. तुमची डिस्क किती टिकते?

इंजिनिअर : अहो, दगडाचं वजन!

सेक्रेटरी : घुमटाचं सोनं काढा, तेवढा दगड घ्या.

लेखक : (खोडत) घुमट गेला. मग शेवटी यान ताऱ्यापाशी पोचतं, कप्तान हुकूम देतो : थांबवा!

इंजिनिअर : इतक्या वेगातलं यान असं थांबत नाही. वेग कमी करायला कित्येक वर्षं आधी सुरुवात करायची. म्हणजे हुकूम देईल तो म्हातारा कप्तान तारा न बघताच मरेल.

सेक्रेटरी : आणि हुकूम कसला? ठराव लागेल. 'आम्हाला दिसणारही नाही, तर आमचं इंधन का जाळता' म्हणणारे निघतीलच. तळमजल्यावरचे लिफ्टचा खर्च देतात का? त्यातून कोरम नसला, तर सभा अर्धा तास तहकूब.

इंजिनिअर : यान तहकूब होत नाही. अर्ध्या तासात साठ लाख किलोमीटर पुढे जाईल.

लेखक : (भराभर लिहीत) अहो, हाच तर सातवा खंड! कप्तान मात्र करारी हवा.

सेक्रेटरी : कप्तान नको, सेक्रेटरी ठेवा. त्याच्याविरुद्ध निवडणुकीला कोणी उभं राहत नाही.

लेखक : मग माझा नायक कोण?

सेक्रेटरी : ज्याची मेंटेनन्सची थकबाकी नाही तो. तुमची तीन महिन्यांची आहे.