कॅटलॉगवाले साहेब, हरीण नक्षी बघत नाही

कॅटलॉगवाले साहेब,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजावत नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमच्या कंपनीचं नाव इथे घेत नाही. हे पत्र तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं.

शिकारीच्या कपड्यांना ‘सिस्टिम’ म्हणायला तुम्ही लोकांना शिकवलंत. अंगालगत मेरिनो लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, त्यावर पिसांची पफी, सगळ्यावर पावसाचं कवच, खाली गुडघ्याला पॅड असलेली पँट आणि डोक्यापासून पायापर्यंत रानात लपवणारी एकच कॅमो नक्षी. एकेक नग दोनशे, तीनशे, पाचशे डॉलरचा. पूर्ण संच सहज दीड-दोन हजारांच्या घरात जातो. हा संच तुम्ही माझ्या भाच्याच्या गळ्यात मारलात. तो मारताना तुमच्या एकाही माणसाने त्याला एवढंसुद्धा विचारलं नाही, की बाबा, तुझे बूट कसे आहेत?

मी मूळची चंद्रपूरची, गेली बरीच वर्षं कोलोराडोत राहते आणि दर हेमंतात एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या मागे डोंगरात जाते. मराठी वाचकाला हे वाचून धक्का बसेल, म्हणून आधीच सांगते. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहिली पाहिजे. इथला हिशेब वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोराडोतले एल्क संपत आले होते. शेजारच्या वायोमिंगमधून कळप आणून सोडले, शिकारीवर कडक बंधनं घातली, आणि आज या राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढे नाहीत. कुठल्या भागात किती नर, किती माद्या मारायच्या हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं, त्या हिशेबाने टॅग, म्हणजे एकेका जनावराचे परवाने, निघतात, आणि बऱ्याच अंशी त्या टॅगच्या पैशावर ते खातं चालतं. एका मादीचं मांस आमच्या घराला हिवाळाभर पुरतं. या कामाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच तुमचा राग येतो.

आता भाच्याची गोष्ट ऐका. डेन्व्हरला नोकरीला आहे, पहिल्यांदाच माझ्याबरोबर शिकारीला येणार होता. 1 जानेवारी 1949ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचं लायसन्स काढण्याआधी सहसा हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो त्याने मन लावून केला. बंदूक कशी धरायची, गोळी कुठे लागली पाहिजे, लक्ष्याच्या मागे काय आहे हे कसं बघायचं, सगळं शिकला. त्या कोर्समध्ये जॅकेटच्या नक्षीवर धडा नाही. तो धडा तुमच्या व्हिडिओंनी दिला. त्यात दाढीवाला, पिळदार माणूस कड्यावर उभा राहतो, वाऱ्यात त्याचं जॅकेट फडफडतं, मागे ढोल वाजतात. पोराने क्रेडिट कार्ड काढलं.

ऑक्टोबरअखेरचा दुसरा रायफल सीझन. ग्रँड मेसाच्या उतारावर बुटका गँबेल ओक दाटीने वाढतो. त्या दिवसांत त्याची पानं वाळून फांद्यांवरच लटकलेली असतात. उजाडता उजाडता आम्ही त्या झुडपांच्या कडेला पोचलो. पलीकडच्या अ‍ॅस्पेनच्या मोकळ्या बनात माद्यांचा कळप चरत होता, रायफलच्या टप्प्यात, वारा आमच्या तोंडावर. मी खुणेनं भाच्याला सांगितलं, गुडघ्यावर बस. तो खालचा चिखल आणि ओलसर बर्फ बघून थबकला. नंतर म्हणाला, “मावशी, ही पँट तीनशेची आहे.” मग बसण्याऐवजी तो बाजूला सरकला, आणि तुमच्या पाचशे डॉलरच्या कवचाची बाही ओकच्या फांदीवरून घासत गेली. खर्रर्र. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या घट्ट विणीच्या, आतून पडदा लावलेल्या कापडाचा हा जुना रोग आहे. पाणी अडवतं आणि थंडीत ताठरून काडी लागली तरी ओरडतं. कळपातल्या म्हाताऱ्या मादीने मान वर केली, कान आमच्याकडे रोखले, एकदाच भुंकली, आणि क्षणात सगळा कळप उतारापार झाला.

दुपारपर्यंत पोराच्या टाचांचं सालटं निघालं होतं. पायात जिमला घालायचे जुने बूट, आत सुती मोजे. मोजा सोलून काढला तेव्हा त्याला रक्त आणि कातडी चिकटली होती. आम्ही शिकार सोडून खाली आलो. डोक्यापासून घोट्यापर्यंत त्याने तुमचे दीड हजारांहून जास्त डॉलर अंगावर घातले होते. घोट्याच्या खाली तुमच्या सिस्टिमला काही देणंघेणं नव्हतं, आणि डोंगर चढताना माणूस घोट्याच्या खालीच असतो.

आता तुमच्या नक्षीकडे येते. तुमच्या पानांवर प्राण्याच्या डोळ्याचं शास्त्र मोठ्या अक्षरात असतं. ते शास्त्र मीही वाचलंय. 1994 साली जेराल्ड जेकब्ज, जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या डोळ्यांवर मोजमापं घेऊन दाखवलं, की हरणाला आपल्यासारखे तीन नाहीत, दोनच प्रकारचे रंगग्राहक असतात. लाल-नारिंगी त्याला हिरव्या-पिवळ्यापासून वेगळं काढता येत नाही. निळा मात्र आपल्यापेक्षा चांगला दिसतो. कडा त्याला धूसर दिसतात, हालचाल ताबडतोब दिसते. याच नाइट्झना पुढे एका मोठ्या कंपनीने आपली डिजिटल नक्षी तयार करायला बोलावलं. सोनारानेच कान टोचलेत, आणि तरी तुम्हाला ऐकू येत नाही! हरणाला पकडून देते ती आपली हालचाल आणि आपला वास. जॅकेट घरच्या साध्या डिटर्जंटमध्ये धुतलं, की त्यातली उजळवणारी रसायनं पहाटेच्या उजेडात निळसर चकाकतात, आणि त्या निळ्याला हरणाचा डोळा तयारच असतो. ही सूचना नक्षीच्या गुणगानाएवढ्या मोठ्या अक्षरात का छापत नाही?

कोलोराडोचा कायदा तुम्हाला ठाऊक नाही असं होऊच शकत नाही. इथे रायफलने एल्क मारायला जाणाऱ्याला कमरेच्या वर, टोपीसकट, किमान 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग घालावाच लागतो. तोही सलग. नारिंगीत कॅमो छापलेला चालत नाही. नियम शहाणपणाचा आहे, दुसऱ्या शिकाऱ्याच्या गोळीपासून जीव वाचवतो. म्हणजे तुमची शास्त्रशुद्ध नक्षी विकत घ्यायची आणि तिच्यावर पंधरा डॉलरची नारिंगी बंडी चढवायची, शालूवर रेनकोट घालावा तशी. एल्कला त्या नारिंगीचं काहीच वाटत नाही. मग खाली काय छापलंय याने काय फरक पडतो? साहेब, रायफलवाल्याला तुम्ही नक्षी विकता तेव्हा ती एल्कसाठी नसते, पार्किंगमध्ये भेटणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्यासाठी असते.

धनुष्यबाणवाल्यांची गोष्ट वेगळी, हे मी मान्य करते. त्यांच्या सीझनला नारिंगीची सक्ती नाही आणि त्यांना तीस-चाळीस यार्डांपर्यंत जावं लागतं. तिथे माणसाची आकृती फोडणारी कुठलीही गडद-फिकी नक्षी उपयोगी पडते. ‘कुठलीही’ या शब्दावर माझा भर आहे. वॉलमार्टमधली तीस डॉलरचीसुद्धा.

तुमचं सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. मेरिनो लोकर ओली झाली तरी ऊब धरते आणि घामाने लवकर कुबट होत नाही. अंगालगतचा तो थर पैसे टाकून घ्यावा, बिनदिक्कत. पावसाचं कवच अलास्कात डॉल मेंढ्यामागे आठवडाभर पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्याला लागतंच. तिथे सलग पावसात भिजून अंगाचं तापमान उतरलं तर माणूस मरतो, आणि मग सहाशे डॉलर हा आकडा बोलायचा राहत नाही. सुती जीन्स घालून बर्फात जाऊ नये, हेही तुम्ही बरोबरच सांगता. पण अलास्कासाठी शिवलेलं कापड तुम्ही माझ्या भाच्याला विकलंत, जो रात्री गाडीपाशी तंबूत परतणार होता. त्याला लष्करी माल विकणाऱ्या दुकानातली लोकरीची पँट पुरली असती. जड असते, मान्य. पण फांदीवर घासली तरी आवाज करत नाही, काटेरी तारेच्या कुंपणावरून जाताना फाटली तर कुणी रडत नाही, आणि एल्क सोलताना कोपरापर्यंत रक्त माखतं तेव्हा माणूस कपड्यांकडे न बघता काम करतो.

वास दडपणाऱ्या कपड्यांविषयी तीनच वाक्यं. त्यातला वास शोषणारा कार्बन एकदा भरला की तो पुन्हा खऱ्या अर्थाने रिकामा करायला कारखान्याच्या भट्टीची उष्णता लागते, घरच्या ड्रायरची नव्हे. वास वाऱ्यावर जातो: सकाळी दरीतली थंड हवा खाली वाहते, ऊन तापलं की वर चढू लागते, संध्याकाळी पुन्हा उतरते. हे ज्याला कळलं त्याला तो कार्बन लागत नाही, आणि ज्याला कळलं नाही त्याला तो वाचवत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. 1937 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर सही केली. त्यानुसार शिकारीच्या प्रत्येक रायफलीवर आणि काडतुसांवर आज 11 टक्के कर जातो. सत्तरच्या दशकात धनुष्यबाणही त्यात आले. उत्पादक तो कर भरतो, आणि पैसा राज्यांना मिळतो तो वन्यजीवांसाठी: जमीन राखायला, प्राणी मोजायला, कोर्स चालवायला. माझा भाचा ज्या कोर्समध्ये बंदूक धरायला शिकला, तोही याच पैशातून चालतो. काडतुसांची साधी पेटी घेतली तरी त्यात एल्कचा वाटा असतो. तुमच्या दीड हजार डॉलरच्या संचावर हा कर शून्य आहे. शिकारीचे कपडे त्या यादीतच नाहीत. बंदूकवाला देतो, बाणवाला देतो, टॅग घेणारा प्रत्येकजण देतो. आणि ज्या जनावराच्या नावावर तुमचं दुकान चालतं, त्याच्यासाठी तुमच्यावर एका सेंटची सक्ती नाही. तुमच्यातले काही जण आपणहून देणग्या देतात, ते चांगलं करतात. पण देणगी म्हणजे मर्जी. कर म्हणजे हिशेब. कोलोराडोच्या रहिवाशाला एल्कचं लायसन्स शंभर डॉलरच्या आत मिळतं, तुमच्या एका पँटच्या निम्म्याहून कमी किमतीत. त्यातून एल्क जगतो. तुमच्या पँटमधून जगता ते तुम्हीच.

दुसरा राग नव्या लोकांसाठी आहे. या राज्यात दर पाच एल्क-शिकाऱ्यांपैकी साधारण चार रिकाम्या हाताने परततात. हा अनुभव नव्या माणसाला आधीच नाउमेद करतो. त्यात तुम्ही त्याच्या मनात भरवता, की हे कपडे नाहीत तर तू शिकारी नाहीस. आमच्या इथे रात्रपाळी करणारी, मजुरी करणारी कितीतरी कुटुंबं फ्रीझर भरायला डोंगरात जातात, जुन्या कोटात, पोराच्या थोरल्या भावाच्या बुटांत. त्यांच्याकडे बघून एखाद्या नव्या मुलीला वाटायला हवं, की मलाही जमेल. तुमची पानं चाळून तिला वाटतं, आधी दोन हजार साठवू. दोन सीझन साठवण्यातच जातात, आणि मग ती येतच नाही.

आणि आता तुमची नक्षी माझ्या माहेरीही पोचली आहे. मागच्या उन्हाळ्यात ताडोब्याच्या गेटवर पाहिलं, हातात मोठ्या लेन्सचा कॅमेरा आणि अंगावर अमेरिकी रानाची पानं छापलेलं जॅकेट, मे महिन्याच्या उन्हात. बसायचं उघड्या जिप्सीत, जिच्या इंजिनाचा आवाज वाघाला पिल्लू असल्यापासून पाठ आहे. तिथे कुणापासून लपायचंय? ज्यांच्या रानात वाघाला बघायला जातो, त्या गावच्या गाइडच्या अंगात साधा खाकी शर्ट असतो, आणि वाघ सगळ्यांत आधी त्यालाच दिसतो.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. पुढच्या कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर खर्चाचा क्रम छापा: आधी बूट आणि लोकरीचे मोजे, मग चांगली दुर्बीण, मग रेंजवर सराव करायला काडतुसं, मग अंगालगतची लोकर, आणि उरले तर बाकीचं. रायफलवाल्याला नक्षी विकताना नारिंगी बंडीचा नियम त्याच चित्राखाली लिहा. आणि 11 टक्क्यांचा कर कपड्यांनाही लावा, असं वॉशिंग्टनला आपल्या सहीने कळवा. तुमचे ग्राहक कुरकुर करतील, मी त्यांच्यात पहिली उभी राहून भरेन.

भाच्याने पफी आणि कवच विकून टाकलं. आलेल्या पैशात बूट घेतले, ते घालून तो दर रविवारी पाठीवर वजन घेऊन टेकड्या चढतोय. यंदा त्याला पुन्हा मादीचा टॅग मिळाला आहे. त्याच्या इनबॉक्समध्ये तुमच्या सवलतींच्या मेल अजून येतात, त्या बंद करा.

आपली,
एक एल्क-शिकारी मावशी
ग्रँड जंक्शन, कोलोराडो