टिक्

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतातच. आमचे तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे आपण गाणं ऐकायला जातो आणि सिस्टीम ऐकून परत येतो.

परवा भीमसेनजींचा शुद्ध कल्याण लावला होता. आलाप रंगात येतोय न येतोय तोच नानांनी हात वर केला. “ऐकलंत?” मला वाटलं, गंधाराबद्दल म्हणताहेत. मी मान डोलावली.

“अहो, टिक् झालं!”

रिमोट दाबून दहा सेकंद मागे. पुन्हा आलाप, पुन्हा हात वर. असं सात वेळा. गंधार मला पाठ झाला, टिक् काही सापडलं नाही.

कारण मात्र नाना झकास सांगतात. “सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. धाडणाऱ्या यंत्राचं घड्याळ एक, घेणाऱ्याचं दुसरं. आता महापालिकेचं पाणी आणि आपली गच्चीवरची टाकी घ्या. येण्यापेक्षा वापर केसभर जास्त झाला की टाकी कधीतरी रिकामी होणारच. मग नळ फुर्रकन हवा सोडतो ना? तेच हे टिक्!”

“न्हाणीघरातला नळ तीन महिने टपटपतोय,” काकू आतून म्हणाल्या, “तो बरा ऐकू येत नाही.”

टिक्च्या शोधात नानांनी एकदा फ्रिज रात्रभर बंद ठेवला. दूध टिकलं नाही, टिक् टिकलं. मग नवी ऑप्टिकल केबल आली. तिच्या टोकाचा लाल उजेड त्यांनी आल्यागेल्याला निरांजनासारखा दाखवला. मग सॉफ्टवेअर अपडेट झालं. टिक् गेलं, पण जाताना डाव्या स्पीकरलाही घेऊन गेलं. आठवड्यानं दोघं जोडीनं परतले.

एकदा तर तराणा ऐन रंगात असताना वरच्या मजल्यावरच्या पोराचा मोबाइल ब्लूटूथनं नानांच्या स्पीकरला चिकटला आणि ‘मऊ गुलाबजाम असे करा’ सुरू झालं. नानांनी खवा मळून होईपर्यंत डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, “स्वच्छ आहे हं. टिक् नाही.”

आता खरं सांगायला हवं. आमचा टीव्ही मुका झाला तेव्हा रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन गुडघ्यांवर टीव्हीमागे शिरले ते नानाच. स्पीकरकडे जाणारी एचडीएमआयची वायर दुसऱ्याच भोकात होती; त्यांनी ती एआरसी लिहिलेल्या भोकात खोचली. चहासुद्धा घेतला नाही. फक्त जाताना दारात थबकले. “पंख्याला घरघर आहे तुमच्या.”

गेल्या गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती. संध्याकाळी वर गेलो तर नाना गॅलरीत डोळे मिटून गात होते. तोच शुद्ध कल्याण. गंधार जरा उतरलेला. मध्येच खोकला आला, पण नाना मागे गेले नाहीत. पुढे गात राहिले. पाच वर्षांत त्यांच्या घरी एखादी बंदिश अंतऱ्यापर्यंत पोचलेली मी प्रथमच ऐकत होतो.

काकू अंधारात मटार सोलत बसल्या होत्या.

“आमच्याकडे तर लाइट कधीच आले,” मी कुजबुजलो.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. “आमच्याकडेही आलेत. मेन स्विच मी पाडलाय. अंतरा होऊ दे.”