काका, मला समजवा

काही माणसांना गोष्ट सांगण्यात रस नसतो, त्यांना गोष्टीचा अर्थ सांगायचा असतो. पूर्वी ही मंडळी कीर्तनाला खांबाला टेकून बसायची आणि बुवांच्या आधी दृष्टान्त पुरा करून टाकायची. बुवा चिडायचे, पण बिदागीचा प्रश्न असल्याने गप्प बसायचे. आता कीर्तनं कमी झाली आणि घराघरात मालिका आल्या, त्यामुळे या मंडळींना अडवायला बुवासुद्धा उरला नाही.

आमचे नाना या जातीचे. राहायला नाशिकला, आनंदवलीत. उभी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये, म्हणजे जन्मभर ढिगाने नोटा पाहायच्या आणि सुटताना झडती देऊन बसच्या रांगेत उभं राहायचं. अशा माणसाला निवृत्तीनंतर गुन्हेगारांविषयी माया वाटू लागली, तर ते समजण्यासारखं आहे. रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर आम्ही चौघे-पाच जण जमतो. पहिली तर्री येईपर्यंत नाना हवापाण्याचं बोलतात. पाव आले की माफिया सुरू.

त्यांचं मूळ दैवत 'द सोप्रानोज'. ही अमेरिकन मालिका १९९९ ते २००७ या काळात चालली, भाग ८६. नानांनी ती पाहिली मुलाकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला. बाहेर बर्फ, मुलगा-सून कामावर, घरात नाना एकटे आणि पडद्यावर त्याच न्यू जर्सीतला टोनी सोप्रानो. हा टोनी जगाला सांगतो की आपला कचरा उचलण्याचा धंदा आहे. प्रत्यक्षात खंडण्या, जुगार, खून. आणि मन थाऱ्यावर नाही म्हणून एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खुर्चीत बसून बोलायचं. "घंटागाडीचा ठेकेदार समज," असं नानांनी आम्हाला पहिल्याच रविवारी सांगितलं आणि आमची भीती तिथेच मेली.

पण नाना नुसतं सोपं करून सांगणारे नाहीत. त्यांना मूळ सापडावं लागतं, आणि ते त्यांना घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडलं. पहिल्या पर्वात टोनीचा काका, अंकल ज्युनियर, पुतण्यावर मारेकरी घालतो. काकाच्या कानाला लागणारी बाई टोनीची सख्खी आई, लिव्हिया. हे पाहिल्यावर एडिसनच्या सोफ्यावर नाना ताडकन उभे राहिले म्हणे. "अरे, ही तर आपली आनंदवली!"

राघोबादादा आणि आनंदीबाई यांचा इथला वाडा, बाईंच्या नावावरून पडलेलं गावाचं नाव, हे सगळं नाशिककरांना तोंडपाठ असतं. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ते पुण्याचं प्रकरण. नाना मात्र ते नाशिकच्या खात्यावर लावतात. ज्युनियर म्हणजे राघोबा, लिव्हिया म्हणजे आनंदीबाई, भाड्याचे मारेकरी म्हणजे गारदी. एफबीआय म्हणजे रामशास्त्री. "सगळं कळतं त्यांना, फक्त उशिरा कळतं," असं नाना म्हणतात. 'ध'चा 'मा' केल्याच्या त्या कथेला पुरावा नाही, असं आमच्यातल्या इतिहासाच्या निवृत्त मास्तरांनी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "लिव्हियाने तरी कुठे कबूल केलं होतं?" मास्तरांनी शेव मागवली.

टोनी त्या हल्ल्यातून वाचतो. तो का वाचला, याचं नानांनी दिलेलं कारण माझ्या मते मराठी समीक्षेत नोंदवून ठेवण्यासारखं आहे. नारायणराव 'काका' म्हणून ओरडत काकाच्याच गळ्यात पडला. टोनी गाडीत होता, त्याने काकाला हाक मारली नाही. पुढे सहाव्या पर्वात म्हाताऱ्या, स्मृती गेलेल्या काकाला हा बघायला जातो, आपुलकीने वागतो आणि पोटात गोळी खातो. इथे नाना चमचा खाली ठेवतात आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघतात. आमच्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी काका किंवा पुतण्या आहे, आणि महाराष्ट्रात राहतो. कुणी काही बोलत नाही.

अशा माणसाच्या घरात आई असतेच. आक्का नव्वदीच्या पलीकडे गेलेल्या, कान तिखट. सगळ्या गुन्हेगारीचं मूळ आई, हा सिद्धान्त नाना मिसळीच्या टेबलावर ज्या आवाजात मांडतात तो घरी दोन पट्ट्या खाली येतो. एकदा आतून आक्कांनी विचारलं, "त्या टोन्याला जेवायला कोण घालायचं?" नाना म्हणाले, "बायको. कार्मेला." आक्का म्हणाल्या, "मग तिला विचारा की." एवढ्यावर त्या दिवशीचं निरूपण संपलं.

मालिकेच्या शेवटच्या प्रसंगावर नानांची खास मालकी आहे. टोनी एका साध्या हॉटेलात बायको-मुलाबरोबर बसलेला असतो, मुलगी बाहेर गाडी लावायची खटपट करत असते, दाराची घंटी वाजते, टोनी वर बघतो आणि पडदा एकदम काळा. आवाजही बंद. जून २००७ मध्ये अमेरिकेत कित्येकांना वाटलं की केबल गेली. टोनी मेला की जिवंत, यावर तिकडे अजून वाद चालतो. हे चित्रीकरण ब्लूमफिल्डच्या होल्स्टन्स या आइस्क्रीमच्या जुन्या दुकानात झालं, आणि नानांनी मुलाला सुट्टीच्या दिवशी गाडी काढायला लावून ते गाठलं. त्याच बाकावर बसायला मिळावं म्हणून ताटकळले. त्या प्रसंगात टेबलावरचे तिघेही ओनियन रिंग न तोडता अख्खी जिभेवर ठेवतात, चर्चमधल्या प्रसादासारखी. नानांनीही तशीच ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "कांदा लासलगावचा नाही." मुलगा तोंड लपवून बाहेर गाडीत जाऊन बसला. पुढे २०२४ साली त्या दुकानाने तो बाक लिलावात काढला आणि तो ८२,६०० डॉलरला गेला. तेव्हापासून नाना मिसळीच्या हॉटेलात बाकावर बसताना आधी तो निरखून पाहतात.

काळ्या पडद्याबद्दल नानांकडे वेगवेगळे अर्थ आहेत आणि ते ऋतुमानाप्रमाणे बदलतात. श्रावणात टोनी जिवंत असतो. वहिनींचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, अर्थ एकच आहे, आणि मला तो पटतो: "बिल भरायचं राहिलं असेल."

मग बदकं. पहिल्याच भागात टोनीच्या पोहण्याच्या तलावात बदकं उतरतात, पिल्लं होतात, एक दिवस सगळी उडून जातात आणि हा आडदांड माणूस बेशुद्ध पडतो. ते समजावून द्यायला नानांनी आम्हाला डिसेंबरच्या थंडीत पहाटे निफाड तालुक्यात नांदूर-मध्यमेश्वरला नेलं. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, लांबून आलेल्या पक्ष्यांनी पाणी भरलेलं. नाना मनोऱ्यावर चढून छातीवर हात ठेवून उभे राहिले. "आता ही उडतील, आणि तुम्हाला कळेल." गावातला तरुण वाटाड्या दुर्बीण सरसावून म्हणाला, "काका, ती काळी दिसतात ती बदकं नव्हं, ते वारकरी. पलीकडं आहे ते हळदी-कुंकू." नाना क्षणभरच गडबडले. मग म्हणाले, "बघा! वारी आली की घर भरतं, वारी गेली की ओस. आणि हळदी-कुंकू म्हणजे कार्मेला." वाटाड्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही पक्ष्यांकडे पाहिलं. एकही पक्षी उडाला नाही.

आम्हाला वाटायचं, या माणसाला अर्थ लागणार नाही असा गुन्हा जगात नाही. मग २०२३ साली तेलगीवरची 'स्कॅम २००३' ही मालिका आली.

हे तर घरचं कार्य. अब्दुल करीम तेलगी आपल्या सीमाभागातला, खानापूरचा. रेल्वेत फळं विकून शिकलेला पोरगा. पुढे बनावट स्टॅम्प पेपरांचा देशभर पसरलेला धंदा उभा करतो, आणि त्या धंद्यासाठीची जुनी यंत्रं त्याच्या हाती लागतात ती आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली. आई आहे, महत्त्वाकांक्षा आहे, बारमध्ये उधळलेल्या नोटा आहेत. नानांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो विषय त्यांच्या बसमार्गावर येऊन उभा राहिला होता. त्या रविवारी आम्ही लवकर जमलो. मास्तरांनी तर वहीसुद्धा आणली होती.

नानांनी मिसळ कालवली. पाव मोडला.

"नाना, तेलगी," कुणीतरी म्हणालं.

"ती आयएसपी," नाना म्हणाले. "आम्ही सीएनपी."

"पण म्हणजे तुमच्या शेजारीच ना?"

"खातं वेगळं. आमच्याकडे नोटा. स्टॅम्प पेपरशी आमचा संबंध नाही."

"पण यंत्रं बाहेर गेली कशी? तुम्ही ऐकलं असेलच."

"मी तेव्हा दुसऱ्या पाळीला होतो."

ओमेर्ता म्हणजे काय, हे नानांनी आम्हाला तीन रविवार समजावलं होतं. इटलीतल्या सिसिलीत पोलीस विचारायला आले की म्हातारी आजीसुद्धा म्हणते, मी काही पाहिलं नाही. मी तेव्हा विहिरीवर होते. त्या आजीचा अभिनयही नानांनी करून दाखवला होता, पदर घेऊन. मास्तरांनी वही मिटली आणि हळूच म्हणाले, "नाना, याला तुम्ही काय म्हणाला होतात हो त्या दिवशी?" नाना म्हणाले, "रस्सा गार होतोय."

वहिनींकडून नंतर कळलं की नानांनी सगळे भाग दोनदा पाहिले. रात्री, आवाज बंद करून, मधे मधे थांबवत, आणि हातात पेन घेऊन. पुढच्या रविवारी ते पाठपोट लिहिलेले तीन फुलस्केप घेऊन आले. निर्मात्यांना पाठवायचं पत्र होतं. प्रेस अशी नसते. कामगार यंत्रापुढे असा उभा राहत नाही. झडती देताना डबा आधी उघडायचा असतो. कँटीनच्या चहाचा रंग, शिपायाचा पट्टा, सुट्टीच्या भोंग्यानंतर सायकलींची गर्दी कुठल्या फाटकाने बाहेर पडते. एकेक बारकावा असा की वाचताना मला प्रथमच कळलं, या माणसाने तीस-पस्तीस वर्षं काय केलं.

"आणि तेलगी कसा वाटला?" मी विचारलं.

"तेलगी?" नाना जरा आठवून म्हणाले. "हो, आहे ना तोही. मधे मधे येतो."