वाहनसौख्य

फ्लाय फिशिंग करणाऱ्या मनुष्यास मासा मिळाला नाही तरी चालते, कारण तो का मिळाला नाही हे वाऱ्याची दिशा, पाण्याचे तपमान आणि चंद्राची कला यांच्या आधारे सांगता येणे हाच त्या विद्येचा परिपाक होय. परंतु त्याला साजेसे वाहन नसेल तर मात्र चालत नाही, कारण रिकामी पिशवी झाकता येते आणि वाहन सर्वांस दुरून दिसते. हा सिद्धान्त मी मुळशी, पानशेत व भंडारदरा येथील जलाशयांच्या काठी पुष्कळ चिंतनाअंती सिद्ध केला आहे. चिंतनास तेथे भरपूर सवड मिळते. मासे त्यात व्यत्यय आणीत नाहीत.

या विद्येचे माहेर इंग्लंड. आयझाक वॉल्टनने १६५३ साली आपला सुप्रसिद्ध ग्रंथ छापला, त्यातील मंडळी टॉटनहॅमची टेकडी चढून पायीच नदीच्या वाटेला लागतात. पुढे त्या देशात सुबत्ता आली, पायी जाणे अप्रतिष्ठेचे झाले आणि शिकारीचे सरंजाम, कुत्री व यजमान या तिघांस एकत्र वाहून नेणारी ‘शूटिंग ब्रेक’ नावाची लांबोडकी गाडी जन्मास आली. महायुद्धानंतर पोलाद रेशनवर गेले, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे अंग लेवून लँड रोव्हर १९४८ च्या एप्रिलअखेर अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात उभी राहिली, आणि नदीत पाय बुडविणाऱ्या तमाम साहेबांच्या मनोरथांस चार चाके फुटली. त्याच वर्षी, अवघ्या एका महिन्याने, १ जून रोजी आमच्याकडे पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. मी अनेक वर्षे या दोहोंपैकी दुसऱ्या वाहनाने मासेमारीस गेलो आहे, आणि ‘काठीचे लगेज लागेल’ असे बजावणाऱ्या वाहकांशी केलेल्या वाटाघाटींच्या बळावर एखाद्या संस्थानाची दिवाणगिरीही मी सांभाळली असती असे मला वाटते.

काठीचा प्रश्न साधा नाही. फ्लाय फिशिंगमध्ये गळास बांधलेली माशी, म्हणजे कोंबड्याच्या मानेच्या पिसांचा आणि रेशमाचा तो इवलासा आभास, एक ग्रॅमही भरत नाही. तिला स्वतःचे वजन नसल्याने वजनदार दोरीच तिला वाहून नेते, आणि त्या दोरीस हवेत मागेपुढे खेळविण्यासाठी नऊ फुटांची लवचिक काठी लागते. काठी चार तुकड्यांत मोडते खरी. परंतु एका खाडीवरून दुसऱ्या खाडीवर जाताना ती मोडावी, पुन्हा जोडावी, दोरी सगळ्या कड्यांतून ओवावी आणि चाळिशीच्या काचांतून पाहात माशीची गाठ मारावी, एवढ्यात सूर्यास्त होतो. सबब, काठी जोडलेल्या अवस्थेत जिच्यात मावेल ती आदर्श गाडी, अशी व्याख्या मी मुक्रर केली आणि काठी घेऊनच गाड्यांची दालने पालथी घालू लागलो.

पहिल्याच दालनातील टाय लावलेल्या तरुणाने मला आदराने चालकाच्या आसनाकडे नेले. मी त्या आसनाकडे ढुंकूनही न पाहता मागचे दार उघडविले आणि काठीचे टोक पुढच्या काचेपर्यंत सारून पाहिले. ‘सर, टेस्ट ड्राइव्ह?’ त्याने विचारले. ‘तीच चालली आहे,’ मी म्हणालो. तिसऱ्या गाडीत काठीचे टोक आरशात अडकले, चौथीत बूड बाहेर उरले, तेव्हा त्या चतुर मुलाने छताची काच सरकवून काठीस आकाश मोकळे करून दिले. पुण्याच्या वाहतुकीत सनरूफचा काय उपयोग, हे कोडे मला फार दिवस पडले होते. ते त्या दिवशी सुटले. दालनातील इतर गिऱ्हाइके काच पुसणाऱ्या कामगारासह आमच्याभोवती जमली आणि मला, कबूल करावयास हरकत नाही, फार बरे वाटले.

तथापि खरी मोहिनी घातली ती उंच गाड्यांनी. थारचा तळ जमिनीपासून २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१० मिलिमीटर, हे आकडे मी पूर्वी पाढे पाठ करीत असे तसे पाठ केले. एका स्नेह्याची तसली धिप्पाड गाडी एका रविवारी मागून घेऊन मी मुळशीच्या बाजूला गेलो. रस्ता सोडून खडकाळ उतारावरून ती पाण्यापर्यंत उतरली तेव्हा माझी छाती आपोआप दोन बोटे पुढे आली. काठीची अ‍ॅल्युमिनियमची नळी घेऊन मी खाली उतरतो न उतरतो तोच एक गृहस्थ बांधावरून लगबगीने आले आणि रामराम घालून म्हणाले, ‘साहेब, जागा बघायला आलात न्हवं? सातबारा एकदम क्लिअर हाय.’ मी जागा घेणार नाही म्हटल्यावर त्यांची दृष्टी नळीकडे गेली आणि चेहरा उतरला. ‘मग मोजणीवाले का? अर्ज तर आम्ही केला नव्हता.’ एस. टी.ने येत असे तेव्हा मला कोणी साहेब म्हणत नसे, पण जमिनीचा भावही सांगत नसे. तळ्याचा ठेका घेतलेल्या सोसायटीची माणसे चहा पाजीत आणि मरळ कोठे लागते ते सांगत. त्या दिवशी चहा मीच पाजला, आणि मरळ कोठे लागते ते कोणी सांगितले नाही. साहेब म्हणवून घेतल्याचा आनंद मात्र घरी पोहोचेपर्यंत टिकला, हेही नमूद केले पाहिजे.

येथे विषयान्तराची वाचकांनी परवानगी द्यावी. न दिली तरी मी करणारच, कारण कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे माझे विषयान्तर फार जुने असून सौ.च्या मते ते आमच्या घरात तिच्याही आधीपासून राहावयास आहे. या साइक्ससाहेबांस १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. त्यांनी माणसे मोजली, पिके मोजली, हवेचा दाब मोजला. आणि मोजण्याची सवय एकदा जडली की सरकारी मंजुरीची वाट पाहात बसत नाही, म्हणून पक्षी मोजले आणि पक्ष्यांवरून ते माशांवर आले. माळावरचा एक चंडोल आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटात बसले. परंतु या क्षुल्लक बढत्यांपेक्षा मला त्यांची १८३९ सालची कामगिरी थोर वाटते, कारण त्या साली त्यांनी आपल्या खडशी माशाचे, म्हणजे शास्त्रज्ञ आज ज्यास टॉर खुद्री म्हणतात त्या महासीराचे, पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. आणि तो मासा कोठला म्हणून लिहिले? हिमालयातला नव्हे, कावेरीतलाही नव्हे. पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा, असे ते ठिकाण त्या दफ्तरात कायमचे दाखल आहे.

ते ठिकाण माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मी तेथे अधूनमधून जाऊन उभा राहतो. काठी नेत नाही, रुमाल नेतो. त्या काळ्या, फेसाळ पाण्यात आज तिलापिया आणि मांगूर तेवढे तग धरून आहेत, कारण त्यांस कशाचेच काही वाटेनासे झाले आहे, आणि या बाबतीत ते आम्हा पुणेकरांचे खरे शेजारी शोभतात. ज्या नदीने एका अख्ख्या जातीच्या माशाचा जन्मदाखला जगाला दिला, तिच्या काठी मी नाक दाबून उभा असतो आणि घरी येऊन गाड्यांची माहितीपत्रके चाळतो. वडिलांच्या पिढीस मासे गाठावयास सायकल पुरली. मला दीड टन लोखंड, चारही चाकांस मिळणारी शक्ती आणि बँकेचे कर्ज लागते. नदी आपण जितकी दूर घालविली तितकी गाडी जमिनीपासून वर उचलावी लागली. त्या अंतरास दालनातला तरुण ग्राउंड क्लिअरन्स म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो.

असो. पत्रिकेतील चतुर्थ स्थानावरून माता, गृह आणि वाहन या तिन्हींचे सुख पाहतात. प्राचीनांनी हे तीन विषय एकाच घरात का कोंबले, याचा उलगडा मला सासूबाई आमच्याकडे राहावयास आल्यावर झाला. त्यांचे गुडघे आणि २२६ मिलिमीटर यांचा मेळ बसेना. ‘अहो, आईला त्या गाडीत चढवायला तुमच्या माश्या उपयोगी पडणार आहेत का?’ एवढाच प्रश्न सौ.ने विचारला आणि माझी सर्व कैफियत खारीज झाली. जिचा उंबरठा सासूबाईंच्या गुडघ्यांस मान्य झाला, अशी एक ठेंगणी, पांढरी, सात्त्विक गाडी दारात आली. काठी तिच्यात तिरकी बसते. मात्र तिचे टोक मागच्या आसनावरील व्यक्तीच्या कानाजवळून जाते. ‘जाऊ दे,’ सासूबाई उदारपणे म्हणाल्या, ‘गळ तेवढा काढून ठेवा, जावईबापू.’

पहिली सफर कोठे करावी हेही त्यांनीच ठरविले. त्यांचे माहेर महाडकडचे. मुळशीचा जलाशय आणि ताम्हिणी घाट मागे टाकीत, मी एकदाही थांबू नये अशा बेताने चालणाऱ्या संभाषणाच्या बंदोबस्तात आम्ही काळ नदीवरील वाळणकोंडीस पोहोचलो. तेथील डोहातले मासे वरदायिनी देवीचे. त्यांस कोणी धरीत नाही, खात नाही. सासूबाईंनी पुडीतले कुरमुरे फेकले आणि ज्यासाठी मी जलाशयांचे काठ झिजविले ते हातभर लांबीचे महासीर, तोंडे उघडून, अंगावर अंग टाकीत वर आले. ‘लहानपणी आम्ही घरून चालत यायचो,’ त्या म्हणाल्या, आणि पुडी माझ्यापुढे धरली. हॅल्फर्ड नावाच्या इंग्रजाने पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांवर १८८६ साली अख्खा ग्रंथ लिहिला. वजनहीन, न बुडणारी आणि माशास हमखास आवडणारी अशी ती चीज महाडच्या बाजारात पुडीत बांधून मिळते, हे त्या बिचाऱ्यास कोण सांगणार? मी सवयीने मनगट मागे नेऊन एकच कुरमुरा अचूक फेकला. मासा आला, कुरमुरा घेतला आणि गेला. तेथे माझे नैपुण्य ओळखणारे कोणी नव्हते, आणि सौ. गाडीचे दार उघडे राहिले का ते पाहात होती.

परतताना सासूबाईंनी अभिप्राय दिला. ‘गाडी चांगली आहे हो, जावईबापू, ती काठी तेवढी घरी ठेवत जा.’ सूचना रास्त आहे, आणि मी ती शिरसावंद्य मानली आहे. तूर्त मी काठीसाठी दुसऱ्या गाडीच्या शोधात आहे.